राखणदाराचं वय

या, जवळ या. गुडघ्याला गुडघा लावून बसा. भिंतीला टेकलेल्यांनी तर आधी पुढं यावं, कारण झोप भिंतीतूनच येते. मी काही बुवा नाही. पण लहानपणापासून कीर्तनं ऐकत आलो, आणि जन्मभर ऐकणाऱ्याला एखाद्या दिवशी उठून सांगावंसं वाटतंच. गोष्ट पुराणातली नाही, माझ्या पंधराव्या वर्षाची आहे. आमचा ग्रामरक्षक देव वयात आलेला नाही असं अख्ख्या गावानं एकमुखानं ठरवलं, त्या रविवारची. हसू आलं तर हसा, मीही हसतो. फक्त मधेच उठून जाऊ नका.

सुरुवात आदल्या रविवारी झाली. आतूच्या हातून देवाचा पेला सांडला.

आतू म्हणजे माझा चुलतभाऊ, थोरल्या भाऊकाकांचा एकुलता मुलगा. वय चोवीस. आमच्या गावाच्या वेशीवर, नदीच्या उतारावर राखणदाराचा काळा दगड उभा आहे. कुणाचं लग्न जमलं, कुणाला नोकरी लागली, कुणी नवी मोटारसायकल घेतली, की नवसाची बाटली राखणदाराला येते. पण दगडाला तोंड नाही. म्हणून आमच्या घोगळ्यांच्या घरातला एक बिनलग्नाचा मुलगा ‘देवाचं तोंड’ होतो. देवाला दाखवलेला पेला त्यानं प्यायचा. तो प्याला की देवाला पोचलं. लग्न झालं की तोंड बदलतं. हा आमच्या घराण्याचा मान, आणि त्या मानावरून आजोबांच्या काळात डोकी फुटली होती म्हणे.

माझ्या वडिलांचं लग्न झाल्यावर काही वर्षं पाट रिकामाच होता, मग आतू तेराव्या वर्षी तोंड झाला. अकरा वर्षं दर रविवारी बसला. नवस जास्त आले की पेलेही जास्त. मग देव रविवारपुरता थांबेना, आणि तोंडही थांबेना. आतूला मुलगी कुणी देईना, त्यामुळे तोंड बदलायची वेळच येईना.

त्या दिवशी पेला ओठापर्यंत नेताना हात असा काही हलला की निम्मी दारू पाटावर आणि निम्मी सोमा गुरवाच्या धोतरावर.

“म्हाराजाक उपाशी ठेवलंस!” सोमा ओरडला.

“ह्या तिसऱ्यांदा झाला, सोमा,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. “देवाच्या तोंडाक आता लाळेरा बांधूक होया.”

लोक हसले. आतूही हसला. भाऊकाका हसले नाहीत. त्यांनी पाट पुसला, बाटलीला बूच लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “फुडल्या आयतवारी बाबली बसतलो.”

बाबली म्हणजे मी.

घरी आईला हे मीच सांगितलं, जरा ऐटीतच. तोंड होणाऱ्याला नवं धोतर मिळायचं, वडेसागोतीचं पहिलं पान मिळायचं, आणि म्हातारेसुद्धा पाया पडायचे. आई भाकरी थापत होती. थापता थापता तिचा हात थांबला आणि भाकरी तव्याऐवजी चुलीत गेली.

“तू बसाचो नाय,” ती म्हणाली.

“भाऊकाकांनी सांगल्यानी.”

“माका म्हायत आसा कोणी सांगल्यानी ता.”

माझे वडील बोटीवर खलाशी, वर्षातले दहा महिने समुद्रावर. घरातला शब्द भाऊकाकांचा. आई त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदरही सरकू द्यायची नाही, मग बोलणं दूरच. त्या आठवड्यात ती जेवली किती हे मला ठाऊक नाही. रोज दुपारी ती आतूच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहायची. तो झोपलेला असायचा. ती बघायची आणि परत यायची.

शनिवारी दुपारी देवळात कीर्तन ठरलं. आमच्या गावात कीर्तन म्हणजे वर्षातून दोनदा, सणाला. मधेच हे कुठून उगवलं ते कुणाला कळेना. सगळ्यांना वाटलं, दुसऱ्या कुणीतरी बोलावलं असेल. बुवा आले केळूसहून, एसटीनं, हातात झांजांची पिशवी आणि काखेत गुंडाळलेला एक कागद. केळुसकरबुवा. काय माणूस होता! आवाज जरा चिरका, दोन दात पडलेले, त्यामुळे ‘श’ म्हणताना शिट्टी वाजायची. पण उभे राहिले आणि उपरणं कमरेला खोचलं, की देऊळ चार हात उंच झाल्यासारखं वाटायचं. अजूनही कुठं झांजेचा ठेका ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. पांडुरंगानं मला गळा दिला नाही, कान तेवढे दिले. आणि त्या कानांत पहिल्यांदा काही शिरलं ते त्या दिवशी.

पूर्वरंगात बुवांनी नामाचा महिमा लावला, आणि दहाव्या मिनिटाला काखेतला कागद उलगडला. त्यावर मेंदूचं चित्र! आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून मागून आणलेलं. हार्मोनियमवाला वाजवायचा थांबला.

“वाजव रे,” बुवा म्हणाले, “हाही देवाचाच देह आहे.”

मग ते आम्हा पोरांकडे वळले. “बाळांनो, घर बांधताना स्लॅब टाकतात. टाकल्यावर रोज काय मारतात त्याच्यावर?”

“पाणी!” आम्ही ओरडलो.

“किती दिवस?”

“एकवीस!” गवंड्याचा पोर म्हणाला.

“आणि दुसऱ्याच दिवशी कुणी त्याच्यावर म्हैस नेऊन बांधली तर?”

देऊळ हसलं.

“हसू नका. हा तुमचा स्लॅब.” बुवांनी स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली. “डोक्याचं बांधकाम मागून पुढं येतं. हसणं, रडणं, हट्ट, धाडस, हे सगळं आधी तयार होतं. ‘थांब’ म्हणणारा भाग इथं, कपाळामागं, आणि तो सगळ्यात शेवटी पुरा होतो. कधी? पंचविशी गाठेपर्यंत. म्हणजे पंधराव्या वर्षी रथ आला, घोडे आले, चाबूकही आला. सारथी कुठाय? तो अजून एसटीत बसलाय, आणि गाडी फोंड्याच्या घाटात बंद पडलीये! अशा वेळी घोड्यांना दारू पाजणारा जो कोणी असेल, त्याला मी काय म्हणावं? तुम्हीच म्हणा.”

बुवांनी आवाज खाली आणला. चित्रातल्या एका वाकड्या तुकड्यावर बोट ठेवलं. “आणि ही आठवणीची कोठी. कोवळ्या वयातली दारू इथं घुसते. पंधराच्या आत जो सुरू करतो, त्याला ती पुढं धरून बसण्याची भीती कितीतरी जास्त. मी हरिदास आहे, डॉक्टर नाही. पण सिस्टरनी मला हे तीनदा समजावलं, आणि मी तिन्ही वेळा रडलो.”

मी वळून पाहिलं. आतू खांबाला टेकून बसला होता. झांजेच्या ठेक्यावर त्याची बोटं मांडीवर बरोबर पडत होती, एकही चुकत नव्हतं. भाऊकाका दारात उभे होते, हाताची घडी घालून, दगडासारखे.

रविवारी सकाळी नऊला मला पाटावर बसवलं. नवं धोतर, कपाळाला गंध, समोर राखणदार, मधे पितळी पेला. बाटली सुताराच्या शांतारामानं आणली होती, मुलगा पोलिसात लागला म्हणून. सगळा गाव जमला. बायका आंब्याखाली वेगळ्या. आतू माझ्या डाव्या हाताला, कारण जुन्या तोंडानं नव्या तोंडाला पेला द्यायचा असतो. आणि आदल्या रात्री मुक्कामाला राहिलेले बुवा, सगळ्यांत पुढं, खुर्चीवर.

सोमा गुरवानं गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढं गावाचं म्हणणं मांडायचं. एकानं मांडायचं, आणि प्रत्येक वाक्याला साऱ्या पुरुषमंडळींनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एकदा ‘व्हय म्हाराजा’ पडलं की ते वाक्य गावाचं झालं. मग ते मागं घेता येत नाही, मनातलं असो वा नसो. एकदा सोमा ओळींची अदलाबदल करून ‘खोताचो बैल मरांदे’ म्हणून गेला आणि गावानं सवयीनं होकार दिला. त्या बैलाला पुढं वर्षभर कुणी कामाला जुंपलं नाही, न जाणो म्हणून.

“बा देवा म्हाराजा!” सोमा गरजला.

“व्हय म्हाराजा!”

“आज तुझा जुना तोंड बदलून नवा तोंड...”

“जरा थांबा,” बुवा म्हणाले.

गाऱ्हाण्यात मधे बोलायचं नसतं. सोमाचं तोंड उघडंच राहिलं.

“हा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. काल मी काय सांगितलं?”

भाऊकाका पुढं आले. त्यांनी बुवांना नमस्कार केला आणि सावकाश म्हणाले, “बुवानू, कालचा आमका पटला. पण एक गोष्ट तुमी इसारलात. तोंड पोराचा, पण प्वाट देवाचा. सोरो जाता तो देवाक. मग पोराच्या डोक्याक काय होतला?”

“व्हय तर!” चार जण म्हणाले. शांताराम म्हणाला, “नायतर मी बाटली पोराक कशाक देतंय? देवाक देतंय.”

मला वाटलं संपलं. आंब्याखाली आईनं डोळे मिटले. पण बुवांचा चेहरा, खरं सांगतो, एकदम खुलला.

“मान्य,” ते म्हणाले. “दारू देवाच्या पोटात जाते. म्हणजे प्रश्न पोराच्या डोक्याचा नाही, देवाच्या डोक्याचा आहे. मग सांगा, देवाचं वय किती?”



“देवाक खंयचा वय?” सोमा म्हणाला. “तो सगळ्यांच्या आदीचो.”

“हा दगड आधीचा?”

“हो दगड...” सोमा अडखळला. “जुनो पुरात व्हावान गेलो. हो आमी नवीन बसवलो.”

“कधी?”

“बाबलीच्या जल्माच्या साली.”

“आणि बसवताना गाऱ्हाण्यात काय म्हणालात?”

सोमा धोतराची गाठ सारखी करू लागला. पण गावातल्या म्हाताऱ्यांना गाऱ्हाणी पाठ असतात. मागून कुणीतरी म्हणालं, “‘बा देवा म्हाराजा, आज तू नव्यान जल्माक इलंस.’ आणि आमी म्हटलाव, व्हय म्हाराजा.”

जे एकदा बोललं गेलं ते बोललं गेलं होतं.

आणि मग बाकीचंही बाहेर आलं. पुरानं वाट मोडली होती, भटजी पोचू शकले नव्हते, आणि दगडाची स्थापना कशी करतात ते कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा बायका म्हणाल्या, घरात नवा जीव आला की आम्ही जे करतो तेच करू. त्यांनी देवाचं बारसं केलं. गावात वापरातला पाळणा एकच होता, आमच्या घरी. त्यात मी होतो, चाळीस दिवसांचा. मला उचलून सुपात ठेवलं आणि देवाला पाळण्यात घातलं. चार गडी लागले. झोका दिला तेव्हा एक दोरी तुटली, ती जागच्या जागी बांधली. कानात नाव सांगितलं. दगडाला कान नाही, म्हणून डावीकडं अंदाजानं सांगितलं. वर पाच सवाष्णींनी पाळणाही गायला.

“म्हणजे देव पंधरा वर्षांचा,” बुवा म्हणाले. “आणि गेली अकरा वर्षं... चौथ्या वर्षापासून पितोय!”

गर्दीतून एक हुंकार उठला. चार वर्षांच्या मुलाला दारू पाजली म्हटल्यावर कुणालाही धक्का बसेल, आणि इथं तर अख्ख्या गावानं पाजली होती. शांतारामानं बाटली हळूच पाठीमागं लपवली.

“अरे देवा!” विठू नाईक एकदम ओरडला. “म्हणान! म्हणानच! देवान माका कौल दिल्यान, बावडी हय खण. चाळीस फूट खणलंय, काळो फत्तर! पंधरा वर्साच्या प्वाराक इचारून मी बावडी खणलंय!”

“माझ्या चेडवाच्या लग्नाच्या टायमाक उजवो कौल दिल्यान,” दुसरा म्हणाला, “आणि नवऱ्याचा आदीच लगीन झाललां!”

“गेल्या वर्सापासून उजवो-डावो दोनय कळे एकदम पडतत,” सोमाच पुटपुटला. “माका वाटला, माझा काय चुकता. देवाकच सुचणा नाय...”

कौल म्हणजे दगडाला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. दोन्ही एकदम पडू लागल्या होत्या हे सोमानं वर्षभर लपवून ठेवलं होतं. बोलता बोलता गावाला अकरा वर्षांच्या सगळ्या चुकांचं कारण सापडलं. कुणी डोक्याला हात लावला, कुणी दगडाकडे दयेनं पाहिलं. एक म्हातारा दगडाला म्हणाला, “बाबा माझ्या, माफ कर रे, आमका खंय ठाऊक!”

मी पाटावर बसून होतो. पेला अजून रिकामा होता. भाऊकाकांनी हात वर केला.

“ठीक. पण निवाडो आपण कशाक करूचो? देवाकच कौल लावन इचारूया, सोरो होयो की नको.”

“अहो,” बुवा म्हणाले, “पंधरा वर्षांच्या मुलाला ‘तुला दारू हवी का’ असं विचारणार? सारथी आलेला नाही! अशा वेळी पालकाला विचारतात. शाळेच्या कागदावर सही कुणाची लागते? देवाला पाळण्यात कुणी घातलं?”

सगळ्या माना आंब्याखाली वळल्या. माझी आई पुढं आली. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. भाऊकाकांकडे पाठ करून ती बुवांशी बोलली, कारण थेट बोलायची रीत नव्हती.

“बुवानू, भावजींका सांगा. माझे दोन झील. एक पाटार बसलोहा, एक थय उभो हा. दोघय एका पाळण्यात वाढले. पंचवीस वर्सां होईसर दोघांकय थेंब मिळाचो नाय. एकाक देतलास तर दुसऱ्याक इख दिलास असा मी समजतलंय.”

झील म्हणजे मुलगे, एक मी आणि एक तो दगड. एवढं सलग बोललेली आई मी पहिल्यांदा ऐकली. तिचा आवाज कापत होता, पण शेवटचा शब्द कापला नाही.

भाऊकाकांचा चेहरा लाल झाला. “बुवानू, तेका सांगा, घराण्याचो मान बायलमाणसाच्या शब्दान मोडणा नाय.” ते थांबले. त्यांनी माझ्या डावीकडं पाहिलं, आणि त्यांचा आवाज जरासा बदलला. “देवाचा तोंड हय बसलाहा. अजून बदलूक नाय. देवाक काय होया, ता देवाच्या तोंडाक इचारा.”

आता सगळे आतूकडे बघू लागले. अकरा वर्षं त्या तोंडात साऱ्या गावानं ओतलं होतं. त्यातून काही बाहेर येईल का, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. आतूला तर हवीच असणार. सकाळपासून त्याची नजर शांतारामाच्या बाटलीवर होती. त्यानं नुसतं ‘द्या’ म्हटलं असतं तर पेला भरला असता, आणि तो मला प्यावा लागला असता.

आतू उठला. दगडाला दोन्ही हात टेकवले, नाहीतर उभं राहता येत नव्हतं. त्याला कळेना, देवाशी बोलायचं की देव म्हणून बोलायचं. त्यानं दोन्ही केलं.

“बा देवा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!” गाव सवयीनं म्हणालं.

“माका तान लागली हा.”

“व्हय म्हाराजा!”

शांतारामानं बाटली पुढं काढली.

“पाण्याची,” आतू म्हणाला.

अर्धा क्षण कुणालाच काही कळलं नाही. पण जिभेला वळण पडलेलं होतं. “व्हय म्हाराजा!”

“अकरा वर्सां माका कोणी पाणी इचारल्यान नाय.”

“व्हय म्हाराजा.” या वेळी आवाज कमी होते.

“काल काय जेवलंय, आठवणा नाय. आवस कशी दिसा, ती आठवणा नाय.” भाऊकाकांची बायको आतूच्या सोळाव्या वर्षी गेली होती. “ज्यांनी ओतल्यानी तेंचो राग नाय. तेंकाय कोणी सांगूक नव्हता.”

“व्हय म्हाराजा,” एवढंच, दोन-तीन जण. बाकीचे नाकं ओढत होते.

“माझा डोक्या बांधूचा ऱ्हवला. तसा ह्येचा ऱ्हवता नये. ह्येचा...” तो माझ्याकडे वळला. “ह्येचा...”

तो थांबला. मला पोहायला त्यानं शिकवलं होतं. याच उताराखाली, नदीत, पोटाखाली हात धरून. माझी पहिली सायकल त्यानं धरली होती. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत मी माझं नाव शोधलं जाताना पाहिलं. त्या कोठीत ते नव्हतं.

गावाला वाटलं, वाक्य संपलं. “व्हय म्हाराजा,” ते म्हणाले.

“बाबली,” मी हळूच म्हटलं.

“बाबलीचा,” आतू म्हणाला. “ह्येका शिवा नकात.”

आणि तेव्हा जो ‘व्हय म्हाराजा’ झाला तो नदीपलीकडच्या वाडीत ऐकू गेला. माझी आईसुद्धा म्हणाली. बायकांनी म्हणायचं नसतं, पण कुणी अडवलं नाही.

पेला उचलून भाऊकाका उतार उतरले. नदीवर विसळला, भरून आणला आणि आतूच्या ओठाला लावला. निम्मं पाणी सांडलं. कुणी हसलं नाही.

बाटलीचं काय करायचं, यावर मात्र दुपारपर्यंत वाद झाला. देवाला दिलेली परत घेता येत नाही, आणि देव तर अजाण! शेवटी ती ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवली, वर चिठ्ठी लावून: ‘राखणदार, पंचविसाव्या वर्षी.’ दहा वर्षांनी ते वर्ष आलं, आणि शांतारामानं आठवणीनं कपाट उघडलं. गाव जमला. आई म्हणाली, “मोठो झालो म्हणान काय झाला? आवशीफुडे पितलो?” कपाट पुन्हा बंद झालं. राखणदाराला आजही पाणीच लागतं. कौलही बरे पडतात, असं सोमा म्हणतो.

बुवांशी माझं नातं पुढं जडलं ते त्यांच्या शेवटापर्यंत. त्यांच्या मागं उभं राहून मी वीस-पंचवीस कीर्तनांना झांज धरली असेल. एकदा, फार म्हातारे झाल्यावर, मी विचारलं, “बुवा, त्या शनिवारी तुम्हाला आईनं बोलावलं होतं का?”

“आईनं?” ते हसले. “तुझ्या भाऊकाकांनी. केळूसला चालत आले होते. माझ्या अंगणात बसून रडले रे. म्हणाले, पोराच्या तोंडात मी माझ्या हातानं ओतलं, आता पुतण्याच्या तोंडात ओतायची पाळी आलीये. मान मोडायला माझं तोंड उघडत नाही. मी तुमच्याविरुद्ध बोलेन, तुम्ही मला हरवा. पोट देवाचं, वय, पाळणा, सगळं आमचं तिथंच ठरलं.”

“आणि आतूला बोलतं करायचं, तेही?”

“ते ठरलेलं नव्हतं. ते तुझ्या काकांनी आयत्या वेळी केलं. मला घाम फुटला होता. का केलं म्हणून विचारलं तर म्हणाले, अकरा वर्षांत त्याला बोलताना ऐकलंच नव्हतं.”

आतू त्याच आठवड्यात बुवांबरोबर सिस्टरकडे गेला. तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात. दारू सुटली, पुन्हा लागली, पुन्हा सुटली. ठेका त्याचा कधी चुकला नाही, नावं मात्र परत आली नाहीत. तेहतिसाव्या वर्षी यकृतानं त्याला नेलं. शेवटी तो मला ‘पावण्या’ म्हणायचा.

तेव्हा ऐकणाऱ्यांनो, एवढंच मागणं आहे. घरी जाल, दिवा लावाल, देवापुढं बसाल, तेव्हा आणखी एकाला आठवा. त्याला माझं नाव आठवलं नव्हतं, तरी त्यानं मला सोडवलं. त्याचं नाव आत्माराम शिवराम घोगळे. तुम्ही विसरू नका.